टाचण्यांची भोकं

एजन्सी पाठवील तिकडे जाते मी.
कुणाची बाळंतपणाची रजा, कुणाचा मोडलेला गुडघा,
डुलुथमधली अशी सव्वीस ऑफिसं झाली.
पहिल्या दिवशी पुस्तिका देतात हातात,
'आम्ही एक कुटुंब आहोत', पान दुसरं.
ती पर्समध्ये टाकते. बर्फाच्या दिवसांत
बुटांखाली कागद लागतोच.
मग कॉफीचं मशीन शोधायच्या निमित्ताने
क्युबिकल्सच्या रांगांमधून एक चक्कर.

भिंती छातीएवढ्या, करड्या, कापड लावलेल्या.
फोटोंची तोंडं कुणीकडे आहेत ते बघायचं.
खुर्चीकडे असतील तर त्या माणसाचे,
वाटेकडे असतील तर साहेबांसाठी.
कॅलेंडर ऑगस्टवर अडकलंय आणि बाहेर तळं गोठलंय,
तर ऑगस्टमध्ये काय झालं ते विचारायचं नाही.
प्रत्येकाकडे तोच पिवळा हसरा चेंडू, दाबला की चुंई करणारा,
म्हणजे मागच्याच आठवड्यात सगळ्यांना बोलावून समजावलेलं आहे.
निवडुंग बरा.
प्लॅस्टिकचा निवडुंग, त्यावर धूळ:
पुढचं काय सांगायचं.

बंदराजवळच्या विमा कंपनीत
छताला कागदी मासे टांगलेले, टेबलाटेबलाला फुगे,
रोनेलच्या भिंतीवर तर नखाएवढी जागा नव्हती.
शुक्रवारी चार वाजता अकरा जणांच्या हातात खोकी.
घडी घातलेली ती खोकी सोमवारीच आली होती.
सही मीच केली होती घेताना,
वाटलं, कागद ठेवायला असतील.

म्हणून जानेवारीत, धान्याच्या कोठारांचे हिशेब बघणाऱ्यांकडे गेले
तेव्हा मी तयार होते.
चौदा क्युबिकल्स, तेरा उघडी बोडकी.
करड्या कापडावर चौकोन, उरल्यापेक्षा गडद,
आणि चौकोनांच्या कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं.
काढायला लावलेत, म्हटलं. नवा साहेब असणार, कडक.
शितावरून भात ओळखला
आणि दोन आठवडे डबा गाडीत बसून खाल्ला,
हीटर लावून, काचा धूसर होईपर्यंत.

मग एकदा स्टेपलर हवा होता.
'खणात बघ,' ऑर्विल फोनवरूनच म्हणाला.
खणाच्या आत, तळाशी, चार टाचण्यांनी लावलेली
एक मुलगी, पुढचे दात पडलेले, हातात मासा.
मर्लिसच्या खणात जुळे.
खण मी जरा जोरात लावला.
ऑर्विलने फोन खाली ठेवला, शेवटच्या क्युबिकलकडे पाहिलं.
तिथे आर्डिस निस्केनन बसते, मालगाड्यांच्या पावत्या तपासते.
तिच्याकडे जायला या सगळ्यांवरूनच जावं लागतं.
तिच्या भिंतीवर मात्र एक फोटो आहे,
हॉकीचं हेल्मेट काखेत धरलेला मुलगा.
'कुणी ठरवलं नाही असं काही,' ऑर्विल म्हणाला.
'मर्लिसने काढला आधी. मग बाकीच्यांना
ठेवता येईना.'

त्या दिवसापासून डबा आत खाल्ला.
पर्समधला ब्रिटचा फोटो पुस्तिकेच्या मागे सरकवला,
मीही त्यांच्यातलीच झाले थोडी.

मार्चमध्ये माझा शेवटचा दिवस.
आर्डिसने पावत्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला,
मग तिथेच उभी राहिली.
'मुलं आहेत तुला?'
'आहे एक,' म्हटलं. आवाज उगाच चोरटा.
'दाखव ना.'
खूप वेळ धरला तिने, उजेडाकडे करून.
'हनुवटी तुझी आहे,' म्हणाली,
'इथे मला हल्ली कुणी
काही दाखवतच नाही.'

तेरा क्युबिकल्समध्ये टायपिंग थांबलं,
की मलाच तसं वाटलं, कुणास ठाऊक.

सोमवारी मी नव्या ऑफिसात होते, दातांच्या डॉक्टरांच्या संघटनेत.
मशीनजवळच्या भिंतीवर दातांची चित्रं.
सरळ जाऊन कॉफी घेतली.